मना वास न्हाय येत

बाळंतपणाला मी भिवंडीजवळ वडप्याला माहेरी आले ती डिसेंबर २००६ मध्ये, सातवा महिना सरत आला असताना. रिक्षातून पाय खाली ठेवला आणि मला बदामाचा वास आला. खिरीतल्या बदामाचा नव्हे, कडू बदामाचा, आणि त्याच्या मागोमाग बूटपॉलिशचा. पिशवी तशीच हातात धरून मी दारात उभी राहिले.

आई भाकरतुकडा घेऊन ओवाळायला आली होती.

“आये, हा वास कसला गं?”

“कनचा वास? मना न्हाय येत,” ती म्हणाली आणि भाकरतुकडा माझ्या तोंडावरून उतरवून लांब फेकला.

आमच्या आगरी बोलीत ‘मला’ला ‘मना’ म्हणतात. मी कल्याणला शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात हा शब्द मी जिभेवरून घासून काढला, कारण वर्गात एकदा तोंडून गेला आणि पोरं आठवडाभर हसली. आईच्या तोंडी मात्र तो होताच. तिनं कशाला घासायचा?

घरात आले, पाय धुतले, चहा घेतला. कप खाली ठेवेपर्यंत वास गेला होता. गेला म्हणजे हवेतून गेला नव्हता. तो तिथंच होता, माझं नाक गेलं होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण हाच धडा मी दरवर्षी शिकवते. नाकाच्या अगदी वरच्या बाजूला नखाएवढी ओलसर कातडी असते. तिच्यात लाखो पेशी असतात आणि प्रत्येक पेशीवर वास टिपणारे एकाच जातीचे ग्राही. अशा साडेतीनशेच्या वर जाती. हवेतून आलेला रेणू त्या ओलाव्यात विरघळतो, ज्या ग्राहींत थोडाफार बसतो ते जागे होतात आणि मेंदूकडे निरोप जातो. कोणकोणते जागे झाले, त्यावरून मेंदू ठरवतो की हा मोगरा आणि ही सुकट. पण तोच रेणू सारखा येत राहिला, की पेशी निरोप धाडायचं बंद करते आणि मेंदूही ऐकायचं सोडून देतो. या शोधाला दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालं तेव्हा मी उत्साहानं फळ्यावर हे भलंमोठं नाक काढलं होतं. तेव्हापासून शाळेत माझं नाव नाकवाल्या बाई.

घरामागं पूर्वी आमचं भाताचं शेत होतं. तिथं आता गोडाऊन आहे. बाबांनी, केसरीनाथ त्यांचं नाव, जागा भाड्यानं दिली होती. आत सेंटचा कच्चा माल असायचा. साबणात, अगरबत्तीत, सरबतात घालायचा. गोडाऊनची भिंत आणि आमची मागची पडवी यांच्यात जेमतेम दहा पावलांचं अंतर. आई दिवसभर त्याच पडवीत. तिथंच धुणं, तिथंच भांडी, तिथंच मासळी साफ करणं. गोडाऊनच्या मॅनेजरनं तिला धुण्याच्या पाण्यासाठी एक निळं पिंप दिलं होतं, रिकामं झालेलं. त्याचं तिला फार कौतुक. “केवढा टिकाऊ बघ,” असं म्हणत ती आल्यागेल्याला त्यावर थाप मारून दाखवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसलेली असताना मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते. डिसेंबरात जांभळं कुठली? नखंही तशीच. विहिरीपासून पडवीपर्यंत कळशी आणली की ती खांबाला धरून उभी राहायची, आणि उभी राहिलीय हे आम्हाला कळू नये म्हणून खांबावरची धूळ पुसल्यासारखं करायची.

“डॉक्टर म्हनला रगत कमी हाय. गोल्या देल्यान,” ती म्हणाली.

मला बी.एस्सी.ची प्रयोगशाळा आठवली. एक पिवळसर बाटली होती, कडू बदामाच्या वासाची. सर म्हणायचे, “छान वास येतो म्हणून हुंगत बसू नका. हे अंगात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. ओठ निळे पडतात. कातडीतूनही जातं हे.” त्याच फळीवर शेजारी दुसरी बाटली होती. तीही बदामाचीच, पण ती लोक सरबतात घालतात. वर्गानं दोन्ही बाटल्या लांबूनच, हातानं वारा घेऊन हुंगल्या होत्या. निम्म्या पोरांना फरक कळला नव्हता. नाकाला रेणू बसतो एवढंच कळतं, तो पुढं जाऊन काय करणार ते त्याला कळत नाही.

मी गोडाऊनमध्ये जाऊन विचारलं. मॅनेजर सभ्य माणूस, त्यानं मला बसायला खुर्ची दिली. “बदाम एसेन्स है मॅडम. शरबत में डालते हैं. आप टेन्शन मत लो, इस हालत में.” खोटं बोलत असेल असं वाटलं नाही. त्यालाही ड्रमवर जे लिहिलंय तेवढंच माहीत असावं, आणि ड्रमवर नुसते आकडे होते.

आईला म्हटलं, ठाण्याला चल, रक्त नीट तपासू. “पयला तुझा होऊ दे,” ती म्हणाली. बाबांना म्हटलं, हा माल इथून हलवायला सांगा. त्यांनी दोनदा जोरात श्वास घेतला. वास घ्यायचा त्यांनी अगदी मनापासून प्रयत्न केला, हे मी कबूल करते.

“न्हाय येत गो बाय. उगाच नाकानं कांदे सोलतंस. मानसाला काय सांगू, माज्या पोरीला वास येतो, तुजा गोडाऊन खाली कर?”

मग आम्ही प्रयोग केला. हसू येतं आता, पण तेव्हा आम्ही दोघंही गंभीर होतो. बाबा मला मोटारसायकलवरून हळूहळू हायवेपर्यंत न्यायचे. तिथं अर्धा तास थांबायचं, मी मोकळ्या हवेत श्वास घ्यायचे, ट्रकांचा धूर का असेना, आणि मग परत यायचं. दाराशी आलो की बाबा वळून विचारायचे, “आला?” “आला!” मी म्हणायचे. पाच मिनिटं मला वास यायचा. त्या पाच मिनिटांत मी ओटीवर असायचे, बाबांना हात करून दाखवत असायचे, बघा, इथं, इथं. पडवीत पोचेपर्यंत संपलेला असायचा. हा वास नेमका कुठून येतो ते शोधायला तो कधी पुरलाच नाही. भिंतीपलीकडं ड्रम आहेत, तर तिथूनच येणार, असं मी धरून चालले.

“पाच मिंटांचा वास,” बाबा म्हणाले. “तू हितं न्हवतीस तवा आमी सुकात होतो.”

मी प्रदूषण खात्याकडं तक्रार लिहिली, बाबांच्या नावानं. बाबांनी सही केली, ती गर्भारपणात माझं मन मोडू नये म्हणून.

दिवस जात होते तसं नाक अधिक आळशी होत चाललं. पहिल्या आठवड्यात हायवेवरचा अर्धा तास पुरायचा. मग तास लागायला लागला. जानेवारीत एकदा बाबांबरोबर अंबाडी गावच्या बाजाराला गेले, सकाळची दुपारपर्यंत बाहेर होते, आणि परत येऊन दारात उभी राहिले तर काही नाही. पुन्हा फाटकाबाहेर गेले, पुन्हा आत आले. काही नाही. आईच्या सुक्या बोंबलांचा वास आला, चुलीच्या धुराचा आला, गोठ्याचा आला. बाकी नाक शाबूत होतं. त्या एकाच वासापुरतं ते मला सोडून गेलं होतं. याचंही कारण मला ठाऊक होतं. आठवड्यांवर आठवडे तोच वास घेतला की नाक परत शुद्धीवर यायलाही आठवडे लागतात. कारण ठाऊक असण्याचा काडीइतका उपयोग नव्हता. धडा पाठ असलेली बाईच धड्याच्या पोटात जाऊन बसली होती.

तक्रारीची चौकशी करायला खात्याचे साहेब आले ते जानेवारीच्या शेवटी, न सांगता, दुपारी दोनला. मला नववा लागला होता आणि मी ओटीवर पाय पसरून बसले होते. साहेब घामाघूम झालेले, बगलेत फाईल. बोलण्यावरून देशावरचे वाटले. मागं गेले, भिंतीपाशी उभे राहिले, गोडाऊनमध्येही जाऊन आले. मग ओटीवर बसून पाणी प्यायले.

“तुम्हाला आला का वास?” मी विचारलं.

“बाई, सकाळपासून हे सहावं गोडाऊन. माझं नाक कधीच गेलंय,” ते हसून म्हणाले. “म्हणून तर तुम्हाला विचारायचं असतं. येतो का वास?”

“येतो. म्हणजे आत्ता येत नाही. मी आले तेव्हा येत होता. सवयीनं नाकाला...” मी सुरू झाले. ग्राही, पेशी, रेणू, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. फळा असता तर नाकही काढलं असतं मी.

“तुमचा पत्ता काय?”

“कल्याण.”

“मग तुमचं नाही चालणार. इथं लिहिलंय, स्थानिक रहिवासी. तुमचं रेशनकार्डावर नाव कुठंय?”

माझं नाव लग्नानंतर कमी केलं होतं. मीच बाबांबरोबर जाऊन कमी करून घेतलं होतं. ज्यांचं नाव कार्डावर होतं त्यांना वास येत नव्हता, आणि जिला आला होता ती या घरची राहिली नव्हती.

बाबा फाटकाजवळ उभे राहून मॅनेजरशी बोलत होते. साहेबांनी आईकडं पाहिलं. “मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही दिवसभर घरात असता. वास येतो का?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. आदल्या आठवड्यापासून मी तिला पढवत होते. कुणी विचारलं तर नुसतं ‘येतो’ म्हण, एवढं एकच. माझी सगळी विनवणी मी डोळ्यांत आणली. हात जोडायचे तेवढे बाकी होते. आईनं पदर नीट केला, जोरात श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.

“मना न्हाय येत वास,” ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं: वास येत नाही.

“थांबा,” मी म्हटलं. “ती ‘मना’ म्हणाली.”

“मना म्हणजे?”

“मना म्हणजे मला. मला वास येत नाही, असं म्हणाली ती. वास येत नाही असं नाही म्हणाली.”

“एकच झालं की बाई.”

“एकच कसं? तिला येत नाही. वास आहे, तिला येत नाही! तुमचं नाक गेलं म्हणून तुम्ही लिहाल का, भिवंडीत वास नाही?” माझा आवाज चढला होता. “एक शब्द आहे हो. ‘मला’ एवढंच लिहा. दोन अक्षरं.”

त्यांनी फाईल माझ्यापुढं केली. छापील रकाना होता. ‘वास येतो / येत नाही’, आणि जे नको ते खोडायचं. त्यांनी ‘येतो’ खोडलं होतं आणि खाली आपल्या हातानं पुन्हा एकदा लिहिलं होतं. “कुठं लिहू सांगा. जागाच नाहीये.” त्यांनाही वाईट वाटलं असावं. त्यांनी उगाचच फाईल उलटून मागं कोरी जागा आहे का ते पाहिलं. मागं दुसऱ्या कुणाची तरी तक्रार होती.

आईनं सही केली. मी तिसरीत असताना तिला सही शिकवली होती, पाटीवर. चंद्रा. त्यातला ‘द्र’ तिला अजून धड येत नाही.

ते गेल्यावर मी आईवर ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी. “एक खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? तुझ्यासाठीच करतेय ना मी हे?”

“न्हाय आला तं आला कसा म्हनू?” ती म्हणाली. “पोटात पोर हाय तुझ्या. त्याच्यादेखत खोटा बोलू?”

मग ती खांबाला धरून उभी राहिली, आणि या वेळी धूळ पुसल्याचं सोंगही तिनं केलं नाही.

फेब्रुवारीत मुलगी झाली. आईनं आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती, चौदा. रोज सकाळी ती पिंपाशी बसून दुपटी भिजवायची, चुबकायची, भिंतीवर वाळत घालायची आणि उन्हानं गरम झालेली आणून माझ्या मांडीवर टाकायची. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची आणि शेपांची धुरी. तेल, दूध, धूर, आणि बाळाच्या टाळूचा तो वास. त्या खोलीत मी सुखात होते, हेही सांगायला हवं. पोर गुणी निघाली. फार रडायची नाही. झोपूनच असायची. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, “आईस त्रास न्हाय देत हो.” मलाही अभिमान वाटायचा.

एप्रिलच्या शेवटी नवरा न्यायला आला. जीवन त्याचं नाव. आई वेशीपर्यंत आली. चालताना दोनदा थांबली. मी म्हटलं, आता माझं झालं, आता ठाण्याला जाऊ. “जाऊ गो, लगीनसराई होऊ दे,” ती म्हणाली.

कल्याणला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्कांनी नात मांडीवर घेतली, डोळे भरून पाहिली, आणि मग बाळाची पिशवी रिकामी करायला घेतली. वरचं दुपटं उचललं आणि त्यांनी नाक मुरडलं.

“रुचिका, यात बूटपॉलिशची डबी फुटली की काय गं?”

मी पिशवी उलटी केली. डबी कुठली असायला. आक्का एकेक दुपटं उचलून हुंगत होत्या आणि बाजूला टाकत होत्या. “यालाही. यालाही. अगं, पोरीच्या झबल्यालाही येतोय.”

मी एक दुपटं घेऊन तोंडावर दाबलं. खोल श्वास घेतला. दुधाचा वास आला. ओव्याच्या धुरीचा आला. उन्हाचा आला, आईच्या हाताचा आला. बाकी काही नाही. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. आक्का माझ्याकडं बघत होत्या. “एवढा येतोय, आणि तुला येत नाही?”

दुपटी भिंतीवर वाळत घालायची, गोडाऊनच्या बाजूला, असं मी आधी मनाशी म्हटलं. पण हवेनं एवढा वास कापडात मुरत नाही. पाण्यानं मुरतो. आणि मला ते निळं पिंप दिसलं, त्यावर थाप मारणारा आईचा हात दिसला. त्या पाण्यात तिचे हात दिवसभर बुडालेले असायचे. चार महिने मी त्या पिंपापासून दहा पावलांवर बसून भिंतीविरुद्ध अर्ज लिहीत होते. कातडीतूनही जातं, सर म्हणाले होते. तेही मला पाठ होतं.

मी पोरीला खिडकीशी नेलं, तिची मूठ उघडली आणि उन्हात नखं पाहिली. गुलाबी होती. की गुलाबी दिसावीत म्हणून मी पाहत होते, ते सांगता येत नाही. जीवन डॉक्टरांकडं नंबर लावायला गेला. आक्कांनी दुपटी मोजून एका गोणीत कोंबली. “तेरा,” त्या म्हणाल्या. म्हणजे एक कमी होतं.

मी वडप्याला फोन लावला. आईनंच उचलला.

“पोचलीस गो? पोर झोपली? आजून घरात तिचा वास येतो बघ. मना करमत न्हाय.”

“आये, ऐक. ते पिंप आहे ना, निळं, ते आत्ताच्या आत्ता ओतून दे. गावाबाहेर टाकायला सांग बाबांना. त्या पाण्यात हात घालू नकोस. त्यात विष आहे.”

“पिंपात?” ती म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता. “बरा. टाकते. तू सांगतंस तं टाकते.”

“आणि एक दुपटं तिथं राहिलंय का?”

“राहिला न्हाय, मीच ठेवलाय. हिरव्या काठाचा. उशाला घेते. तिचा वास येतो त्याला.”

“ते पण टाक.”

“दुपटा न्हाय टाकायची.”

“आये, तोंडाला नको लावूस ते. तुझ्या पाया पडते. त्याला त्या विषाचा वास येतो गं, आक्कांनी एका फटक्यात ओळखला. एवढा येतो!”

पलीकडं काहीतरी सळसळलं. ती दुपटं तोंडाशी नेऊन हुंगत होती. पहिल्यांदा, मग पुन्हा एकदा, साहेबांपुढं घेतला होता तसाच खोल श्वास.

“मना न्हाय येत,” ती म्हणाली.